घरीच शिकणारी मुलं आणि धाकट्याचं दप्तर (बडोदे)

ओटीवरची | ९ मार्च २०२५, रात्री ११.२०

मुलं झोपलीयत, भांडी सकाळवर ढकललीयत, तेवढ्यात हा धागा काढते. लांबण लागणार, आधीच सांगून ठेवते.

आम्ही बडोद्याला कारेलीबागेत राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई, साडेसात वर्षांची थोरली आणि एप्रिलात सहा पूर्ण करणारा धाकटा. दोघंही शाळेत जात नाहीत, आजवर कधी गेलेली नाहीत. यामागे काही थोर विचार होता असं नाही हं. २०२० च्या जूनमध्ये थोरलीला नर्सरीत घालायचं ठरलं होतं, फी भरून झाली होती, आणि नर्सरी आली मोबाइलवर. तीन वर्षांच्या पोरीला मांडीत घट्ट धरून "कॅमेऱ्यात बघ, टीचरला गुड मॉर्निंग म्हण" असं करता करता आठ दिवसांत माझाच धीर सुटला. एक वर्ष थांबू म्हटलं. मग आणखी एक. तोवर ती दुकानांच्या पाट्या वाचायला लागली होती आणि धाकटा घरभर पळत होता, त्या दोघांना सोडून शाळेची चौकशी करायला वेळ कुणाला होता!

लोकांना वाटतं आमच्याकडे दहाला घंटा होते. प्रत्यक्षात टेबलापाशी बसून होणारा अभ्यास दीड तासाचा, साडेनऊ ते अकरा. त्यातली वीस मिनिटं खोडरबर कुणाचं यावर जातात. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट मिळतात, ती छापून घेतलीयत. मराठी त्यातून, इंग्रजी गोष्टीच्या पुस्तकांतून, आणि गुजराती थेट रस्त्यावरून.

या गुजरातीची गंमत सांगते. इथे लिपी ओळखीची वाटते पण डोक्यावर रेघ नाही, त्यामुळे धाकट्याच्या मते गुजराती म्हणजे "टोपी न घातलेलं मराठी". आणि गुजरातीत ५ चा आकडा आणि प, तसंच २ चा आकडा आणि र, हे दिसायला जवळपास सारखेच. शेजारच्या सोसायटीत एका बंगल्यावर गुजराती आकड्यांत ५२ लिहिलंय. धाकट्याने ते खड्या आवाजात "पर" असं वाचलं आणि आईला विचारलं (आई म्हणजे सासूबाई), "आजी, यांचं आडनाव पर आहे?"

गणित बरंचसं स्वयंपाकघरात होतं. गॅसचं नवं सिलिंडर लावलं की थोरली कॅलेंडरवर खूण करते. मागची तीन सिलिंडरं चालली ३७, ४१ आणि २९ दिवस (२९ वालं दिवाळीचं, चकल्या आणि पाहुणे). तिला सरासरी शिकवत होते. बेरीज १०७, भागिले तीन, पस्तीस आले आणि उरले दोन. मी म्हटलं, सोड ते दोन. ती सोडेना. दोन दिवस म्हणजे अठ्ठेचाळीस तास, त्याचे तीन भाग, म्हणून उत्तर पस्तीस दिवस सोळा तास. आई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "म्हणजे छत्तिसाव्या दिवशी दुपारी चार वाजता संपणार. बरं झालं, चहाच्या आधीच कळलं."

हे झाले सांगण्यासारखे दिवस. एरवीचा दिवस असा, की मी वरणाला फोडणी देतेय, थोरली परवचा म्हणायचा सोडून डाळीत बोट घालतेय, धाकट्याने कात्रीने सोफ्याच्या कव्हराला झालर केलीय, आणि खालच्या मजल्यावरच्या बा दारात उभ्या. "बेबी निशाळे नथी जती?" मी म्हणते, घरीच शिकते बा. "तो पछी भणशे क्यारे?" (मग शिकणार कधी?) हा संवाद पाच वर्षांत किती वेळा झाला असेल, त्याची सरासरी अजून काढलेली नाही.

आणि मला सुट्टी नसते. शाळेत घालणाऱ्या बायकांना सकाळचे पाच तास मिळतात असं मी म्हटलं की त्या हसतात, त्यांनाही मिळत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण बाथरूमच्या दारावर थाप तरी पडत नसेल.

आता खरं कारण. आमच्या वॉचमनकाकांचा मुलगा धाकट्याच्याच वयाचा, खास मित्र. तो बालवाटिकेत जातो. गेले दोन महिने धाकटा रोज सकाळी गॅलरीत उभा राहून त्याला जाताना बघतो आणि परवा शांतपणे म्हणाला, "मला पण दप्तर पाहिजे. मला पण शाळेत जायचंय." मी विचारलं, तिथे काय करशील रे? "डबा खाईन."

पहिल्यांदा मला राग आला. मग रात्री रडू आलं. थोरलीला शाळेचं नाव काढलेलं चालत नाही, हा जायचं म्हणतोय. एकाला घालायचं आणि एकीला नाही असं कुणी केलंय का? की हे दप्तराचं वेड आहे, आठ दिवसांत उतरेल?

---

टवाळटांगा | ९ मार्च, ११.४८

पहिला! सिलिंडर चारला संपलं का?

---

ओटीवरची | ९ मार्च, ११.५५

नाही. ३८ व्या दिवशी सकाळी, दूध तापताना. थोरलीचं म्हणणं, त्या महिन्यात उंधियू दोनदा झालं म्हणून.

---

सुरसागर | १० मार्च, सकाळी ७.१०

बाई, कुठल्या गावात राहून हे करताय! सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या बडोदा संस्थानात लागू केला. मुलं शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना दंड व्हायचा. माझे आजोबा सांगत, त्यांच्या काकांनी भरला होता. तुम्ही तेव्हा असता तर दर महिन्याला कचेरीत हजेरी लागली असती.

पण गंमत अशी की याच महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला आणून मध्यवर्ती वाचनालयाचा पाया घातला आणि पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव धाडली. शाळेत जा, आणि नाही जमलं तरी वाचा, अशी दोन्हीकडून नाकेबंदी. मुलांना नेलंय का तिथे? काचेच्या फरशा दाखवा.

---

वाचनमात्र | १० मार्च, ९.०२

वाचतेय. आमच्याकडेही तीन वर्षांचं आहे.

---

कलम_दहा | १० मार्च, १०.३०

कायद्याचं दर वेळी कुणीतरी अर्धवट सांगतं, म्हणून थोडं नीट लिहितो.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. वय ६ ते १४. नावात 'सक्तीचं' असलं तरी त्या सक्तीची जबाबदारी सरकारवर टाकलीय: शाळा द्या, प्रवेश द्या, शिक्षण पुरं करून घ्या. कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, मात्र ते न केल्यास पालकांना या कायद्यात शिक्षा नाही. घरी शिकवण्याला त्यात नाव घेऊन परवानगी नाही आणि नाव घेऊन बंदीही नाही. त्यामुळे "पोलीस येतील" म्हणणारे शेजारी चूक आणि "सरकारची मान्यता आहे" म्हणणारेही चूक.

धागाकर्तीला उपयोगी पडेल ते कलम ४. सहा वर्षांवरचं जे मूल कधी शाळेत गेलं नाही, त्याला वयाला साजेशा इयत्तेत घ्यावं लागतं. म्हणजे थोरलीने उद्या मन बदललं तर तिला पहिलीपासून सुरुवात करायची गरज नाही. धाकट्याचं तर सरळच आहे. गुजरातेत पहिलीसाठी १ जूनला सहा पूर्ण लागतात, तो बसतो.

पुढे दहावीला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, आहेच. तिथे दहावीला किमान वय १४. त्याआधी अ, ब, क असे टप्पे, ते तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचे. सगळेच घरी शिकणारे ते देतात असं नाही, पण कागद हातात असलेला बरा.

---

खडू_डस्टर | १० मार्च, दुपारी ४.१५

मी डहाणू तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झाले. जरा खरखरीत लिहिणार आहे, राग मानू नका.

तुमची पोस्ट गोड आहे. सिलिंडरचं तर मी आमच्या जुन्या शिक्षकांच्या ग्रुपवर पाठवलं. पण माझ्या वर्गात सकाळी साडेदहाला येणाऱ्या पोरी घरचं पाणी भरून, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन यायच्या. शाळा म्हणजे त्यांना दिवसातले पाच तास कुणीतरी नावाने हाक मारायचं ठिकाण होतं, कामाने नव्हे. घरात शिकवायला फुरसत असलेली, शिकलेली आई लागते आणि मांडीवर घ्यायला आजी लागते. ते तुमच्याकडे आहे म्हणून जमलं. एवढं लक्षात असू द्या, बाकी मी कोण सांगणार.

आमच्याच भागात, कोसबाडला, ताराबाई मोडकांनी कुरणशाळा काढल्या होत्या. मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर मग शाळाच कुरणावर न्यायची. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आलेल्या, म्हणजे तुमच्या गुजरातचंच पाणी. त्यांनी शाळेच्या भिंती पाडल्या, मुलं मात्र एकत्रच ठेवली. हे शेवटचं मला महत्त्वाचं वाटतं.

दुसरं विचारते. तुमच्या मुलीला काय येत नाही, हे तुम्हाला कसं कळतं? काय येतं ते नको. चाळीस मुलांत मला कोण कुठे अडलंय ते कळायचं, कारण मी त्यांची आई नव्हते.

---

रामबागेतली | १० मार्च, ५.४०

इंदूरहून लिहितेय. माझ्या नणंदेने दोन्ही मुलं घरी शिकवली, म्हणून या धाग्यात उडी. परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाची जी पंचाईत ती तुमचीही असणार, की शाळेत घातलं की पहिलं मराठी जातं. आमच्याकडे घरात मराठी, गल्लीत हिंदी. नणंदेची मुलं घरी राहिल्यामुळे अजून "एकोणसाठ" म्हणतात. माझी शाळेत गेलेली "उनसठ" म्हणतात आणि "आई, मला भूक लागली आहे" ऐवजी "मला भूक लागून राहिली". आमचं इंदुरी मराठी तसंही पुण्याच्या लोकांना हसायलाच असतं, त्यामुळे एवढं मनावर घेत नाही म्हणा.

तुमच्याकडे एकोणचाळीस की गुजराती ओगणचाळीस?

---

ओटीवरची | १० मार्च, रात्री १०.५०

सगळ्यांचे आभार. एकेक घेते.

सुरसागरकाका, वाचनालयात नेलंय. त्या लोखंडी मांडण्या आणि त्यामधल्या काचेच्या फरशा एकदा आत जाऊन बघायला मिळाल्या. काच अशी जाड, की उजेड खालच्या मजल्यावर झिरपतो. धाकटा तिथे सरळ पालथा पडला, खाली कुणाचे पाय दिसतात का बघायला. तिथल्या काकांनी ओरडायच्या आधी पाच सेकंद हसून घेतलं.

रामबागेतली, आमच्याकडे ओगणचाळीसही आहे आणि थर्टी नाइनही आहे. पण आकड्यांचा किल्ला आईंनी लढवलाय. त्या बडोद्यातच मराठी शाळेत शिकल्या. त्यांना पावकी, निमकी, दिडकी अजून तोंडपाठ. भाजीच्या हातगाडीवर "अढीसो आपुं?" (अडीचशे देऊ?) ऐकलं की मुलांना आजीची अडीचकी आठवते. अढी आणि अडीच, दोढ आणि दीड, सख्ख्या बहिणी आहेत हे थोरलीने स्वतः शोधून काढलं. एका वहीत अशा जोड्या लिहितेय, तिचं नाव 'जुळ्यांची वही'.

खडूबाई, तुमचं उत्तर मात्र लगेच देता येत नाही. विचार करून लिहीन.

---

टवाळटांगा | १० मार्च, ११.०५

अवांतर: २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' आणलं तेव्हा आमच्या घरात दोन पार्ट्या पडल्या होत्या. बाबा अजूनही बायकोला पैसे देताना "घे, नव्वद आठ" म्हणतात. टोमणा आहे की सवय लागली ते कळत नाही.

---

खडू_डस्टर | ११ मार्च, सकाळी ६.३०

टवाळ, थट्टा पुरे. त्र्याहत्तर म्हणताना तीन आधी आणि लिहिताना सात आधी, यात लहान मुलं खरोखर गोंधळतात. मी वर्षानुवर्षं ३७ म्हणा की ७३ लिहिलेलं तपासलंय. 'सत्तर तीन' पायरी म्हणून वाईट नव्हतं. पायरीवरच बसून राहू नये इतकंच.

---

शिफ्टवाला | ११ मार्च, १.२०

सगळं वाचलं. आई, आजी, बा, ताराबाई. या धाग्यात बाबा कुठाय? की तो सिलिंडर उचलण्यापुरता?

---

ओटीवरची | ११ मार्च, २.००

हाहा. आहे आहे. मकरपुऱ्याला कंपनीत आहे, तोही शिफ्टवालाच. दुपारची पाळी असेल त्या आठवड्यात सकाळ त्याची. खंडेराव मार्केटच्या मागे भाजी आणायला दोघांना घेऊन जातो, पैसे थोरलीकडे, पिशवी धाकट्याकडे. दहाला निघतात, घरी येईपर्यंत साडेबारा. त्या अडीच तासांत मी एक गोष्ट करते: काहीच करत नाही.

तक्रार म्हणाल तर एकच. तो मुलांना घेऊन कमाटीबागेत गेला की चार अनोळखी लोक "किती छान बाप आहे" म्हणतात. मी घेऊन गेले की "आज शाळेला दांडी का?"

---

दोन_पिल्लं | ११ मार्च, रात्री ९.४५

पुण्याहून. मी तीन वर्षं घरी शिकवलं आणि मोठ्याला तिसरीत शाळेत घातलं, म्हणून तुमचा प्रश्न मला जवळचा.

आम्ही का घातलं? सांगायला कारणं बरीच आहेत. खरं एवढंच, की मी थकले होते आणि ते मुलाला माझ्या आवाजात ऐकू यायला लागलं होतं. पाढा चुकला की मी "ठीक आहे" म्हणायचे, ते "ठीक आहे" त्याला बरोबर कळायचं.

शाळेत गेल्यावर काय झालं ते लिहिते, तुम्हाला जूनपर्यंत वेळ आहे. अभ्यासात काहीही अडलं नाही. अडलं ते असं: लघवीला जायला हात वर करून विचारायचं असतं हे त्याला माहीतच नव्हतं. पहिल्या दिवशी तो उठला आणि चालायला लागला. बाईंनी दरवाज्यातून परत आणला. शाळेत आडनावाने हाक मारतात, तो आडनावाला ओ देईना. डब्याचं झाकण त्याला एकट्याने उघडेना, घरी कधी वेळच आली नव्हती. फळ्यावरचं बघून वहीत उतरवायचं, म्हणजे मान वर, मान खाली, यात पहिला महिना तो मागे. तोंडाने सगळं यायचं.

तेव्हा आत्तापासून घट्ट झाकणाचा डबा द्या, पाण्याच्या बाटलीचं झाकण स्वतः उघडू द्या, आणि घरात दोन आठवडे आडनावाने हाका मारा. हसतील, पण उपयोग होतो.

आणि तुमचं काय? मला पहिल्या सोमवारी दुपारी बाराला घरात काय करायचं ते कळेना. मी ओट्याखालचे सगळे डबे काढून पुसले. मग परत लावले.

---

वाचनमात्र | ११ मार्च, १०.०२

ते डबे पुसण्याचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

---

रामबागेतली | १२ मार्च, ११.१५

मित्रमंडळाचं काय करता? नणंदेचा सगळ्यात मोठा प्रश्न तो होता. संध्याकाळी मैदानावर मुलं भेटतात, पण ती सहाला येणार आणि सातला ट्यूशनला पळणार.

---

ओटीवरची | १३ मार्च, रात्री ११.३०

आमचंही तसंच. शाळेत जाणारी मुलं दिवसभर दमलेली, आमची नुसती उतू जाणारी. सोसायटीत थोरलीला एकच मैत्रीण, तीही मंगळवार आणि शनिवार. बाकी घरीच शिकणारी चार कुटुंबं गावात आहेत. तीन गुजराती, एक तमिळ. दर बुधवारी कमाटीबागेत जमतो. झाडाखाली सतरंज्या, आणि मुलं आपापसात कुठल्या भाषेत बोलतात ते त्यांनाच ठाऊक. एकदा म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा बघून बाहेर आलो, तर सगळ्यांना तो बागेत आखायचा होता. सत्तरहून जास्त फूट, आमच्याकडे टेप तीन मीटरचा. दोरी मापून मापून आखला, मग सगळी मुलं देवमाशाच्या पोटात रांगेने आडवी झाली. अकरा मुलं मावली आणि शेपटी रिकामीच राहिली.

गेल्या ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आला तेव्हा मात्र गावातली सगळीच मुलं घरी होती. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, खाली पार्किंगमध्ये पाणी, वीज नाही. जिन्यात बसून बिल्डिंगमधली नऊ मुलं आणि आमची दोन, आठ दिवस एकत्र. रस्त्यांवर मगरी आल्याचे व्हिडिओ येत होते, तर मुलांनी जिन्याच्या पायऱ्यांना नदी केलं आणि पाळीपाळीने मगर झाली. वनखात्याची माणसं आणि स्वयंसेवक मगरी धरून परत सोडतात हे कळल्यावर एक टोळी मगर धरणारी झाली. बा वरच्या पायरीवर बसून सगळ्यांना शेव वाटत होत्या. ते आठ दिवस माझ्या मुलांच्या आयुष्यातले सगळ्यात भारी दिवस होते. पाणी ओसरलं, शाळा सुरू झाल्या, जिना रिकामा झाला. धाकटा त्यानंतर बरेच दिवस जिन्यात जाऊन बसायचा. आत्ता लिहिताना लक्षात येतंय, दप्तराचं वेड दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेलं नाही.

खडूबाई, तुमच्या प्रश्नाचं. काल मी एक करून बघितलं. थोरलीला आठ वजाबाक्या दिल्या, उसना घ्यायच्या, आणि नेहमीसारखी शेजारी न बसता ओट्याकडे तोंड करून भेंडी चिरत बसले. पाच चुकल्या. परवा माझ्याशेजारी बसून आठही बरोबर होत्या. मग समजलं की ती वहीत बघतच नाही, माझ्याकडे बघते. बरोबर आकड्याला पेन्सिल आली की माझा चेहरा सैल होतो. इतकी वर्षं मी तिला गणित शिकवत होते की माझा चेहरा वाचायला, कोण जाणे.

---

खडू_डस्टर | १४ मार्च, सकाळी ६.४०

हे कबूल करायला बळ लागतं. शाळेतही होतं हो, बाईंच्या भुवयांवर पास झालेली मुलं मी पाहिलीत. उपाय सोपा आहे. तिला ती उदाहरणं धाकट्याला शिकवायला सांगा. त्याला तिच्या चेहऱ्यावरचं काही कळणार नाही आणि तो "का?" विचारल्याशिवाय सोडणार नाही. सुटे पैसे द्या मध्ये, दहाची नोट मोडून दहा नाणी, उसना म्हणजे तेवढंच.

धाकट्याला शाळेत घालाच असं मी म्हणत नाही. पण जिन्यात जाऊन बसणाऱ्या मुलाचं ऐका.

---

शिफ्टवाला | १४ मार्च, ८.१५

+१. एकाला घाला, एकीला ठेवा. दोन मुलांना एकच मापाचे बूट आपण घेतो का?

---

कलम_दहा | १४ मार्च, ११.००

जन्मदाखला आणि आधार काढून ठेवा. जन्मदाखला नसला तरी वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, पण कायद्याचं कलम दाखवून प्रवेश घेण्यापेक्षा कागद दाखवून घेतलेला बरा. पहिला दिवस मुलासाठी असतो.

---

ओटीवरची | १७ जून २०२५, दुपारी १२.१०

धागा वर काढतेय, खूप जणांनी विपूत (विचारपुशीत) विचारलं म्हणून.

धाकट्याला पहिलीत घातलं. घरापासून पायी दहा मिनिटांवर. बघायला गेलो होतो तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं, आधी कुठल्या शाळेत होता? हा म्हणाला, "जिन्यात." पुढचं सगळं समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. त्यांना हसू आलं आणि प्रवेश मिळाला.

दोन_पिल्लं, तुमची यादी फ्रिजवर लावली होती. आडनावाच्या हाकांचा सराव सगळ्या घराने केला. त्यात आईंनाही आडनावाने हाक मारली गेली आणि त्यांनी "हजर" म्हटलं. डब्याचं झाकण जमलं. हात वर करणं इतकं जमलंय की आता घरीही हात वर करून विचारतो आणि कुणी लक्ष दिलं नाही तर तसाच उभा राहतो, कालच थोडक्यात वाचलो.

पहिल्या दिवशी रडला नाही. चौथ्या दिवशी रडला, कारण त्या दिवशी कळलं की उद्याही जायचंय. आता वॉचमनकाकांच्या मुलाबरोबर जातो, दोघं एकाच वर्गात.

थोरली घरीच आहे. बुधवारचं कमाटीबाग चालू आहे. सुट्या पैशांनी वजाबाकी मार्गी लागली, पण एक रुपया हरवला आणि त्यावरून धाकट्याने तिला तीन दिवस छळलं. शाळेचं विचारलं तर म्हणते, "बघू." पूर्वी "नाही" म्हणायची. मी पुढे विचारलेलं नाही.

आता बारा वाजून गेलेत, आई झोपल्यात, डबे मी पुसलेले नाहीत. थोरली आतल्या खोलीत दप्तर भरतेय. धाकट्याला घेतलं तेव्हा तिलाही एक पाहिजे होतं, निळं. रोज सकाळी साडेनऊला ते पाठीला लावते, झोपायच्या खोलीतून निघते आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन उतरवते. आज म्हणाली, वाटेत ट्रॅफिक होता.